आमचा वाडा आणि एकांताचे हॉटेल

गेल्या कार्तिकात आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने पुण्यातील पुतण्याने आम्हा उभयतांना महाबळेश्वरच्या अलीकडे, दरीच्या काठावरील एका हॉटेलात दोन रात्रींसाठी पाठविले. अशा हॉटेलांना हल्ली ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. अवघ्या नऊ खोल्या, प्रत्येक खोली दुसरीच्या दृष्टीआड, मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, आणि कोठेही नावाचा फलक नाही. फलक नसणे हेच तेथील वैशिष्ट्य, असे पुतण्याने समजावून सांगितले. कर्जदाराच्या दुकानावर पाटी आहे की नाही हे पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे पचनी पडायला थोडा वेळ लागला.

खोटे कशाला सांगू, ते दोन दिवस सुखाचे गेले. पहाटे दरीतून धुके वर येई. माणसाचा आवाज नाही, गाडीचा भोंगा नाही. ‘जैन जेवण’ म्हणून आधी कळवूनही पहिल्या दिवशी भाजीत बटाटा आला. परंतु आचारी मनाने सरळ होता. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांसाठी पावणेसहाला ताट वाढले आणि सूर्य मावळण्यापूर्वी आमचे आटोपले. बिल झाले खोलीचे ३६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६,४८०. दिवसाला साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीला हा दर लागतो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेलच.

मनात राहिली ती मात्र एक वेगळीच गोष्ट. आमच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा बसविला होता. पितळी फुल्या, गणेशपट्टी, कडी-कोयंडा, सारे जसेच्या तसे. सवयीने मी कडी काढून पाहिली. मागे भिंत होती.

परतल्यावर हे पुतण्याला सांगितले, तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, “काका, असला दरवाजा आपल्याकडे खरा आहे की. रहिमतपूरला.”

त्याच्या डोक्यात हा विचार आधीपासूनच घोळत होता, हे मग उलगडले. रहिमतपूरचा आमचा वाडा म्हणजे पुढे पेढी, मध्ये चौक, मागे माजघर आणि परसू. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आज अकरा नावे आहेत. प्रत्यक्ष राहतात त्या एकट्या आमच्या काकू, वय ८४. पुतण्याची योजना अशी की वाड्यात आठ खोल्या काढायच्या, बँकेचे दोन कोटींचे कर्ज घ्यायचे, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना ग्रामीण निवांतपणा द्यायचा. बँकेचा विषय निघाल्यामुळे मला सोबत नेणे क्रमप्राप्त होते. पौषात आम्ही निघालो.

साताऱ्याहून पूर्वेला वळले की डोंगर मागे पडतात आणि काळी जमीन सुरू होते. ऊस, हळद आणि आले. या पट्ट्यातील आल्याचे नाव बाजारात मोठे. आमच्या आजोबांची अडत याच मालावर चाले. ओल्या आल्याची पोती पेढीच्या ओट्यावर रचलेली असत. घरात मात्र कंदमूळ म्हणून ते वर्ज्य. स्वयंपाकघरात ते शिरे ते वाळून सुंठ झाल्यावरच. ज्या मालावर घर चालले त्याची ओली चव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “ही गोष्ट आपण मेनूकार्डावर छापू.”

रहिमतपूर हे खेडे नव्हे, ही गोष्ट त्याला गाडीतच सांगावी लागली. कमंडलू नदीकाठची ही जुनी बाजारपेठ. येथील नगरपालिका १८५३ सालची, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षीची. नाटककार वसंत कानेटकरांचा जन्म १९२० मध्ये येथलाच. पुणे-मिरज मार्गावर गावाचे स्वतःचे स्थानक आहे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या काळातील सरदार रणदुल्लाखान याचा दर्गा आणि मशीद येथे आहे, आणि मशिदीजवळ ती प्रसिद्ध पाण्याची वास्तू, जिला गावकरी ‘हत्तीची मोट’ म्हणतात. बुरुजासारखे उंच बांधकाम, त्याला लागून लांब उतार. मोटेने पाणी वरच्या हौदात चढवायचे आणि उंचीच्या जोरावर ते मशिदीच्या कारंज्यापर्यंत न्यायचे, अशी ती योजना. लहानपणी आम्ही त्या उतारावरून धावत खाली येत असू. पुतण्याने तेथे भराभर छायाचित्रे घेतली. मी मात्र पाहत राहिलो तो उताराकडे. एका कारंज्यासाठी केवढा हा खटाटोप! हत्तीचा खर्च कोणत्या खात्यात टाकत असतील, हा प्रश्न निवृत्तीनंतरही सुटत नाही.

वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला तेव्हा काकू चौकात घेवडा निवडत बसल्या होत्या. कोरेगावचा वाघ्या घेवडा. आता त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, काकूंच्या डब्यात तो साठ वर्षांपासून आहे. पुतण्या टेप घेऊन माजघर मोजू लागला. मागील सोप्याचे कौलारू छत दोन ठिकाणी खचलेले दिसले. गेल्या पावसाळ्यात तेथे सात पातेली ठेवावी लागली, असे काकू म्हणाल्या. आम्हा अकरा जणांपैकी कोणालाच त्यांनी ते कळविले नव्हते. “कळवून काय, तुम्ही येऊन पातेली धरणार होतात?”

त्या रात्री पेढीच्या गादीवर बसून मी हिशेब मांडला. तो येथे देतो, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांचे असे वाडे कुलूपबंद आहेत आणि असा विचार अनेकांच्या घरी चालू असेल. आठ खोल्या, भाडे प्रत्येकी ९,००० रुपये. अशा ठिकाणी माणसे येतात ती शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. वर्षाचे १२० दिवस धरले, त्यांत सरासरी सहा खोल्या भरल्या. जमा झाली ६४ लाख ८० हजार. दोन कोटींचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे दोन लाख सत्तर हजार, म्हणजे वर्षाला साडेबत्तीस लाखांच्या आसपास. बारा नोकर, प्रत्येकी पंधरा हजार, वर्षाला २१ लाख ६० हजार. उरले पावणेअकरा लाख. खोल्या भरून देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांचे कमिशन १८ टक्के धरले तरी तेवढ्यात ते संपते. वीज, धुलाई, शिधा, दुरुस्ती अजून लिहायचीच आहे. आणि तारण काय? तर अकरा जणांच्या सह्यांनी गहाण पडलेला वाडा. एखादा पावसाळा रिकामा गेला की बँकेची नोटीस ज्या दारावर चिकटेल, ते हेच खरे दार.

पुतण्याने जाधवगढचे उदाहरण दिले. दिवेघाट ओलांडल्यावर सासवडच्या वाटेवरील, पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली ती गढी आज नामांकित हॉटेल आहे, हे खरेच. परंतु ती पुण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि तिच्यामागे हॉटेलधंद्यात मुरलेले घराणे आहे. महाबळेश्वरचे म्हणाल, तर तेथे थंड हवेचा लौकिक सर जॉन माल्कम गव्हर्नर असल्यापासून, म्हणजे १८२८-२९ पासून कमावलेला. आणि आमचा वाडा? समोर किराणा दुकान, डाव्या हाताला पिठाची गिरणी, आठवडा बाजाराच्या दिवशी दारात टेम्पो. दरीकाठच्या त्या हॉटेलने मला विकला तो एकांत. या वाड्यापाशी सर्व काही आहे, तेवढा एकांतच नाही. तो असता तर येथे पेढी चाललीच नसती.

“मग शेतावर करू,” पुतण्या म्हणाला. त्यात तथ्य आहे. बारामतीजवळच्या माळेगावने कृषी पर्यटनाची वाट दाखविली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे स्वतंत्र धोरणही मंजूर केले. परंतु तेथे शेती करणारा माणूस शेतावर हवा. आमची जमीन वडिलांच्याच काळात विकली गेली.

काकू हे सारे दाराआडून ऐकत होत्या, हे सकाळी लक्षात आले. चहा ठेवता ठेवता त्यांनी एकच विचारले, “पैसे घेऊन पाहुण्याला जेवू घालायचे, तर आग्रह करायचा की नाही?”

पुतण्या गोंधळला. मीही. त्या दरीकाठच्या आचाऱ्याने मला आग्रह केला होता का, हे आठवून पाहिले. त्याने ताट वेळेवर वाढले होते. आग्रह करणे त्याच्या कामात बसत नव्हते.

“आणि अंधार पडल्यावर मी चूल पेटवणार नाही,” काकू पुढे म्हणाल्या. “येणाऱ्याला सांगून ठेवा.”

“आजी, म्हणजे तुमची हरकत नाही?”

“मी म्हटले आधी छत करा. मग कोण येते ते बघू.”

दुपारी परत निघण्यापूर्वी ठरले ते एवढेच. कर्ज नाही. मागील सोप्याच्या छताचा अंदाज गावातील मिस्त्रीने चौदा लाख सांगितला आहे. तो अकरा जणांनी सारखा वाटून घ्यायचा, पावसाळ्यापूर्वी काम पुरे करायचे. त्यानंतर पुढच्या तीन खोल्या नीट करून पाहायच्या. लग्नकार्याला, जत्रेला गावी येणारी आणि उतरायला घर न उरलेली कुटुंबे पुष्कळ आहेत; साताऱ्याच्या लॉजमध्ये उतरून ती गाडीने ये-जा करतात. त्यांच्यासाठी. भाडे किती घ्यायचे यावर काकूंचे आणि पुतण्याचे अद्याप जमलेले नाही. काकूंच्या मते पाचशे फार होतात.

तिसरी एक गोष्ट पुतण्याने परस्पर केली. दिंडी दरवाजाला पाहून गेलेल्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने काकूंना दीड लाखाचा निरोप ठेवला होता. त्याला पुतण्याने फोन करून नकार कळविला.

प्रत्येकी १ लाख २७ हजार २७३ रुपये वाटा येतो. माझा मी गेल्या सोमवारी भरला. आतापर्यंत चौघांचे आले आहेत, सात जणांचे यायचे आहेत. त्यांतील दोघे हा अंक घरी घेतात.