कड्याचे छत्र

इ.स. १२८७ मध्ये दिल्लीचा सुलतान बल्बन वारला. तीन वर्षांत दिल्लीचे तख्त त्याच्या घराण्याकडे राहिले नाही. नातू कैकुबाद पक्षाघाताने किलोखडीच्या महालात पडून होता. तिथेच त्याला मारले आणि प्रेत यमुनेत लोटले. त्याचा मुलगा कयूमर्स तान्हा होता. तोही गेला.

१२९० मध्ये जलालुद्दीन खिलजीचा राज्याभिषेक किलोखडीतच झाला. तो सत्तरीला आला होता. दिल्लीच्या लोकांना खिलजी परके वाटत, म्हणून तो शहरात गेला नाही. पुढे गेला तेव्हा बल्बनच्या लाल महालाच्या दारात घोड्यावरून उतरला, पूर्वी चाकर म्हणून उतरत असे तसा. आत जाऊन रडला. किलोखडीचा महाल आता नाही. यमुनाही तिथून पूर्वेला सरकली.

मलिक छज्जू बल्बनचा पुतण्या. गंगाकाठचा कडा प्रांत त्याच्याकडे होता. त्याने कड्यात राजछत्र धरले, मुगिसुद्दीन ही पदवी घेतली, खुतब्यात आपले नाव वाचायला लावले. अवधचा सुभेदार त्याला मिळाला. आसपासचे रावत आणि पाईक आले. इतिहासकार बरनी त्यांना मुंग्यांची आणि टोळांची उपमा देतो. त्यांतल्या नामांकितांनी छज्जूकडून विडा घेतला आणि सुलतानाच्या छत्रावर तुटून पडण्याची पैज मारली.

सुलतानाचा मुलगा अर्कली खान आघाडीला होता. बदायूँच्या बाजूला त्याने छज्जूची फौज मोडली. छज्जू पळाला आणि पकडला गेला. 

कैद्यांना उंटांवरून आणले. मानेवर जोखड, हात मागे बांधलेले, कपडे धुळीने भरलेले. सुलतानाला ते पाहवले नाही. त्याने बेड्या काढायला लावल्या, त्यांना न्हाऊ घातले, स्वच्छ वस्त्रे दिली आणि आपल्या बैठकीत बसवले. ती माणसे मान वर करीनात. जुन्या धन्याच्या वारसासाठी तुम्ही लढलात, असे सुलतानानेच त्यांना समजावले. अहमद चप या सरदाराला हे रुचले नाही. बंडखोरांना असे वागवले तर राज्य कसे टिकेल, असे त्याने विचारले. चार दिवसांच्या राज्यासाठी मुसलमानांचे रक्त सांडणार नाही, असे उत्तर मिळाले. छज्जूला पालखीतून मुलतानला पाठवले. त्या काळच्या दरबारांत असा प्रसंग फार विरळा.

कडा रिकामा झाला. सुलतानाने तो पुतण्याला दिला. पुतण्या जावईही होता. तोच पुढचा अलाउद्दीन. छज्जूची माणसे कड्यातच राहून त्याच्या चाकरीला लागली. पैसा असता तर छज्जूला दिल्ली मिळाली असती, असे त्यांनी नव्या धन्याला सांगितले.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. इकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या अखेरीस यादव राजा रामचंद्राचे नाव येते. कड्याचे येत नाही. तसे येण्याचे कारणही नव्हते.

१२९६ च्या सुरुवातीला अलाउद्दीन पैशासाठी कड्याहून एलिचपूरमार्गे यादवांच्या देवगिरीवर आला. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. रामचंद्र, म्हणजेच रामदेवराय, गडावर गेला. वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो.

त्याच वर्षी जुलैत जलालुद्दीन पुतण्याला भेटायला नावेतून गंगा ओलांडून गेला. सोबत मोजकी माणसे होती. काठावर त्याला मारले. शिर भाल्यावर चढवून मुलखात फिरवले.

अलाउद्दीन दिल्लीला निघाला. प्रत्येक मुक्कामी लहान फेकयंत्रातून पाच मण सोन्याच्या चांदण्या गर्दीवर उधळल्या जात. सोने देवगिरीचे होते. अर्कली खानाचे डोळे काढले. अहमद चपचेही.

शके १२१८ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. हेच १२९६ साल.

१३१८ मध्ये रामदेवाचा जावई हरपाळदेव मारला गेला. यादवांचे राज्य संपले. दोन वर्षांनी खिलजींचेही संपले. १५८३ मध्ये अकबराने कड्याचे ठाणे अलाहाबादला हलवले. कड्याचा किल्ला गंगेच्या काठावर ढासळला.

देवगिरीहून नेलेल्या संपत्तीतले पुष्कळसे फिरोजशाह तुघलकाच्या काळापर्यंत दिल्लीच्या खजिन्यात शिल्लक होते, असे बरनी नोंदवतो. तोवर देवगिरीचे नाव दौलताबाद झाले होते.