गर्दी, दर्दी आणि मतदार

निवडणुका जवळ आल्या की कोथरूडमध्ये एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "सभेला किती होते?" डहाणूकर कॉलनीतल्या अमृततुल्यात तो विचारला जातो, कर्वे पुतळ्यापाशी बसची वाट पाहणाऱ्यांत विचारला जातो, टेकडीवरून फिरून येणाऱ्या ज्येष्ठांच्या बाकावर तर विचारला जातोच. उत्तर देणारा सहसा आकडा सांगत नाही. "मैदान अपुरे पडले", "रस्त्यापर्यंत माणसे उभी होती", असे सांगून तो लगेच निकालाचे भाकीतही वर्तवतो. मी या उपनगरात बरीच वर्षे राहतो आहे आणि पक्ष न पाहता सभा ऐकण्याचा मला छंद आहे. सभेतल्या गर्दीचे आणि मतपेटीचे नाते काय, हा प्रश्न त्यामुळे माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळतो आहे.

अलीकडच्या काळातले सर्वांत बोलके उदाहरण २०१९च्या लोकसभा निवडणुकीचे आहे. राज ठाकरे यांनी त्या वेळी एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरीही राज्यभर सभा घेतल्या. "लाव रे तो व्हिडिओ" हे त्यांचे वाक्य घराघरांत पोचले. सभांना गर्दी उसळत होती आणि दूरचित्रवाणीवर त्या आरंभापासून अखेरपर्यंत दाखवल्या जात होत्या. निकाल लागला तेव्हा ४८पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या होत्या. नांदेड आणि सोलापूर येथे त्यांच्या सभा झाल्या; तिथे अनुक्रमे अशोक चव्हाण आणि सुशीलकुमार शिंदे पराभूत झाले. साताऱ्यात आणि रायगडमध्ये मात्र राष्ट्रवादीचे उमेदवार निवडून आले. म्हणजे सभांचा परिणाम उलटा झाला, असेही म्हणता येत नाही. गर्दी आणि निकाल आपापल्या वाटेने गेले, एवढेच म्हणता येते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या विधानसभा निवडणुकीत कोथरूड राज्याच्या चर्चेत आले. मेधा कुलकर्णी यांच्याऐवजी भाजपने चंद्रकांत पाटील यांना उमेदवारी दिली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी आपला उमेदवार न देता मनसेच्या किशोर शिंदे यांना पाठिंबा दिला. राज ठाकरे यांची प्रचारातली पहिलीच सभा ९ ऑक्टोबरला पुण्यात व्हायची होती. पावसाने मैदानाचा चिखल केला आणि ती रद्द झाली. तरीही शिंदे यांना जवळजवळ ८० हजार मते पडली. पाटील सुमारे २५ हजारांनी विजयी झाले. पुढे २०२४ साली महाविकास आघाडीने चंद्रकांत मोकाटे यांना उभे केले, तेव्हा त्याच शिंदे यांची मते २० हजारांच्याही आत आली आणि पाटील लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. सुरुवातीचीच सभा वाहून गेली त्या वर्षी मते भरभरून पडली, ती कोण उभे होते आणि कोण नव्हते, या मांडणीमुळे. व्यासपीठावरच्या वाणीचा त्यातला वाटा फार मोठा नसावा.

मग ही गर्दी येते ती कशासाठी? पुण्यापुरते बोलायचे तर उत्तर आपल्या परंपरेत सापडते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांची झाली. भाषण ही ऐकायला जाण्याची, चवीने ऐकण्याची आणि घरी येऊन त्यावर चर्चा करण्याची गोष्ट आहे, हे संस्कार या शहरावर मतदानाच्या हक्काच्या कितीतरी आधी झाले. पुणेकर श्रोता वक्त्याला दाद देतो ती गवयाला द्यावी तशी. तान आवडली म्हणून कोणी गवयाला नगरसेवक करत नाही. "गर्दी नको, दर्दी हवेत," असे आपण मैफिलीबद्दल म्हणतो. राजकीय सभेची गंमत अशी, की तिथे दर्दी पुष्कळ असतात आणि मतदार किती, ते कोणालाच कळत नाही.

याला आणखी एक ऐतिहासिक बाजू आहे. टिळकांच्या काळी सर्वसामान्य माणसाला मत नव्हते. लोक कोणाच्या बाजूने आहेत, हे सरकारला दाखवण्याचे साधन एकच होते : जमणे. उत्सव, मिरवणूक, सभा हीच तेव्हाची शिरगणती. प्रौढ मताधिकार १९५१-५२च्या निवडणुकीत आला आणि मोजण्याचे काम मतपेटीकडे गेले. गर्दीकडून कौल ओळखण्याची आपली सवय मात्र तशीच राहिली. सभा उघड असते, मत गुप्त असते. उघड्यावर हात वर करणारा माणूस पडद्याआड काय करील, हे उघड्यावरून सांगता येऊ नये, म्हणूनच तर तो पडदा आहे.

पण गर्दीला काहीच अर्थ नसतो, असे म्हणणेही खरे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आचार्य अत्र्यांच्या सभांना जनसागर लोटत असे, आणि १९५७ साली तो मतपेटीत उतरला. स्वतः अत्रे दादरहून विधानसभेत गेले आणि पुण्यात नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांच्यासारख्या मातब्बर नेत्याला हरवले. १९७७ साली पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला बाहेर पडले. लोक त्यांना ऐकायला लोटले आणि पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती आणि दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' हा चित्रपट दाखवला. माणसे चित्रपट सोडून सभेला गेली.

या उदाहरणांत मला एक सूत्र दिसते. गर्दीचा अर्थ, तिथे येण्यासाठी माणसाने काय मोजले, यावर ठरतो. १९५७च्या आधी आंदोलकांनी गोळ्या झेलल्या होत्या. १९७७ साली आणीबाणीची भीती अजून विरली नव्हती. सभेला जाणे म्हणजे आपला चेहरा दाखवणे होते. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तेव्हा समोरची माणसेही भिजत बसली होती. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांचा सत्त्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. ज्या सभेला येण्यासाठी बस दारात उभी असते आणि जेवणाची सोय असते, तिची गर्दी फक्त आयोजकाची ऐपत सांगते.

साधे गणितही आपण करत नाही. माणसे दाटीवाटीने उभी राहिली तरी माणशी साडेचार चौरस फूट जागा धरावी लागते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट; म्हणजे एका एकरात दहा हजारांच्या आत माणसे. खुर्च्या मांडल्या, मधून वाटा सोडल्या, की संख्या आणखी घटते. दोन एकरांचे मैदान तुडुंब भरले तरी वीस हजार. कोथरूड मतदारसंघात चार लाखांहून अधिक मतदार आहेत. ते वीस हजार सगळे इथलेच, सगळे प्रौढ आणि सगळे निष्ठावंत धरले तरी शंभरात पाच. उरलेले पंचाण्णव घरी असतात, आणि निकाल त्यांच्या हातात असतो.

शिवाय गर्दीची मते झाली, तरी मतांच्या जागा होतीलच असे नाही. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या सभा प्रचंड झाल्या. तिथली माणसे पदरचे पैसे मोडून आली होती, आणि त्यांनी मतेही दिली : राज्यभरात सुमारे ४० लाख. जागा मिळाली ती एकच, औरंगाबादची, मित्रपक्ष एमआयएमच्या इम्तियाज जलील यांची. ती गर्दी खोटी नव्हती. ती ४८ मतदारसंघांत विखुरलेली होती, एवढेच.

या सगळ्यात फसतो कोण? नेता फारसा फसत नाही. त्याच्याजवळ बूथनिहाय याद्या असतात. श्रोता तर मुळीच फसत नाही. त्याची संध्याकाळ चांगली गेलेली असते. फसतो तो कार्यकर्ता. आमच्या भागातल्या एका तरुणाला मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. सभेच्या आदल्या रात्री तो खुर्च्या मांडतो, झेंडे बांधतो. सभा संपल्यावर भरलेल्या मैदानाचे छायाचित्र मोठ्या अभिमानाने दाखवतो. एकदा निकालानंतर भेटला तेव्हा त्याने मला विचारले, "काका, त्या दिवशी तुम्हीही होतात ना? मग ही सगळी माणसे गेली कुठे?" मी सभेला होतो, टाळ्याही वाजवल्या होत्या, आणि मत दुसरीकडे दिले होते. त्यात गैर काही नव्हते. माझा तो हक्कच आहे. तरी त्या मुलाला, "माणसे कुठेही गेली नाहीत, ती आली होती ती ऐकायला," हे सांगणे जड गेले.

त्याला मी एवढेच म्हणालो, की सभेच्या दुसऱ्या दिवशी एकेका जिन्याने वर जा, बेल वाजव आणि आत आहे त्याच्याशी बोल. २०१९ साली कोथरूडमध्ये मतदान निम्म्याच्या आसपासच झाले होते. सभेलाही न येणारे आणि केंद्रावरही न जाणारे असे लोक प्रत्येक इमारतीत आहेत. मैदान भरायला एक चांगला वक्ता पुरतो. त्या बंद दारांसाठी मात्र वर्षे लागतात, आणि तिथे टाळ्या नसतात.