उजनीच्या काठाने सायकलवरून

आपल्या सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण किनारा आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या मागे यशवंतसागर पसरला. माढा व करमाळा तालुक्यांत, आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या बाजूला, या पाण्याची कड दूरवर गेली आहे. संक्रांतीच्या सुमारास घरच्या कामातून एक दिवस काढा आणि सायकलवरून एकट्याने हा काठ पाहून या. आपल्या पाटाला आणि नळाला येणारे पाणी कोठून येते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.

सायकलच का, असे तुम्ही विचाराल. मोटारसायकलवर नजर रस्त्याला बांधलेली असते. सायकलवर चढ लागला की उतरून चालावे लागते, आणि चालणाऱ्याला बांधावरचा माणूस आपण होऊन रामराम घालतो. त्यातून निम्मी माहिती मिळते.

सामान थोडेच घ्यावे. कॅरिअरला एक सोलापुरी चादर, घोंगडी आणि लहान तंबू बांधावा. तंबू नसला तरी अडत नाही. पंक्चरचे सामान, पंप, पाना, बॅटरी आणि प्यायचे पाणी मात्र विसरू नये. खाण्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गूळ असला की दोन दिवस काही बिघडत नाही. कोणत्या वाटेने जाणार आणि कोठे मुक्काम करणार, ते घरी सांगून निघावे.

उजाडताच टेंभुर्णी सोडा. पुणे रस्त्याने भीमानगरला जाऊन आधी धरण पाहा. तेथे उभे राहून एक हिशेब समजून घ्या. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या ११७ पैकी सुमारे ६४ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळचे पाणी. उरलेले सुमारे ५३ टीएमसी हा उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्के’ असे छापून येते, तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते. निम्म्याहून अधिक पाणी तळाला असतेच. पुढे ‘उणे’ आकडे येऊ लागतात, ते याच तळच्या पाण्यात उतरल्याचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, संध्याकाळी तिचा उपयोग होईल.

परत टेंभुर्णीला येऊन करमाळ्याच्या रस्त्याला लागा. कंदरच्या आसपास केळीच्या बागा लागतात. येथली केळी आज परदेशी जातात. त्यापुढे ऊस. शेतीखात्याच्या माणसाची नजर आधी मातीकडे जाते, तशी तुम्हीही टाका. कोठे मुरमाड माळ, कोठे काळी जमीन, आणि काही ठिकाणी उसाच्या सरीत पांढरी खपली धरलेली. पाणी मुबलक मिळाले आणि निचरा नसला की जमीन खारवते. शेजारीच ठिबकवर घेतलेले पीक असले तर दोन्हीकडे जरा थांबून पाहावे. असा धडा पुस्तकात इतका स्पष्ट दिसत नाही.

जेऊरला दुपारची भाकरी खाऊन चिखलठाणमार्गे कुगावकडे वळा. येथपर्यंत दिवसाची साठ-सत्तर किलोमीटरची रपेट होते. गाव मागे पडते आणि समोर पाणीच पाणी दिसते. पलीकडे इंदापूर तालुक्यातले कळाशी. एके काळी मध्ये फक्त नदी होती. आता होडीने जावे, नाही तर रस्त्याने फार मोठा वळसा घ्यावा. २१ मे २०२४ रोजी या दोन गावांमधली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसे बुडाली. पाणी शांत दिसले तरी वळवाच्या दिवसांत दुपारनंतर होडीत पाऊल ठेवू नये, आणि तरंगते जाकीट अंगात असल्याशिवाय तर कधीच नाही.

या पाण्याखाली गावठाणे आहेत, विहिरी आहेत, काळ्या जमिनी आहेत. पोमलवाडीचे जुने रेल्वे स्टेशनही पाण्यात गेले आणि लोहमार्ग बाजूने न्यावा लागला. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की कुगावचा इनामदारांचा जुना वाडा आणि इंदापूरकडचे पळसदेवचे देऊळ वर येते. मी गेलो तेव्हा काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी बोट करून दाखवले, “त्या होडीच्या जरा अलीकडं आमची विहीर हुती. लई गोड पाणी.” नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

समुद्राचा काठ जागच्या जागी राहतो, हा काठ मात्र चालतो. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, चारा निघतो. त्याच उथळ चिखलात किडे-शेवाळ टिपायला रोहित पक्षी येतात. धरण तुडुंब असेल त्या वर्षी ते उशिरा दिसतात. काठच्या शेतकऱ्याला मात्र मोटार आणि पाइप पाण्यामागे पुढे पुढे सरकवावे लागतात. केबल वाढते, खर्च वाढतो. आता सकाळचा हिशेब आठवा. साठा उणे झाला की खालच्या भागातला कालवा आटतो, आणि वर काठावरच्या मोटारी मात्र चालू दिसतात. खालचा म्हणतो, पाणी वरच्याने नेले. वरचा म्हणतो, जमीन आमची बुडाली. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण एकमेकांच्या बांधावर कधी गेलेले नाहीत.

अंधार पडण्याआधी मुक्कामाची जागा ठरवा. पोलीस पाटलांना विचारून देवळाच्या ओसरीवर पथारी टाकावी हे उत्तम. तंबू ठोकायचा तर मालकाला विचारून उंचवट्यावर ठोकावा. गाळाची वरची खपली वाळलेली दिसते, खाली मात्र गुडघाभर चिखल असतो. उसाच्या कडेला झोपू नये, घोणस तेथे असते. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. थंडी चांगलीच बोचते, घोंगडी कामाला येते.

पहाटे कोळीबांधव जाळी ओढून येतात आणि चिलापीच्या पाट्या उतरतात. तो बाजार पाहून परत फिरावे. कालव्याखालच्या भावांनी एकदा हा काठ पाहावा, आणि काठच्या भावांनी उन्हाळ्यात एकदा मोहोळ-मंगळवेढ्याकडचा कोरडा कालवा पाहून यावा. पाणीवाटपाच्या बैठकीला त्यानंतर बसलात तर बोलणे वेगळे होईल. सायकल घरात आहेच, दिवस तेवढा काढायचा आहे.