पेज सांडते ती जमीन

भंडारा जिल्ह्यात घर बांधताना स्वयंपाकघराची जमीन कशाची करावी हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी, पैसे संपत आले असताना आणि घाईने सोडवला जातो. वास्तविक वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात दोन्ही वेळचा भात शिजतो, त्याची पेज पसवली जाते आणि पाणी दिवसभर सांडत राहते, त्यामुळे या लहानशा जागेइतका ओला आणि अनवाणी वावर घरात दुसरीकडे क्वचितच होतो. जिल्ह्याच्या एखाद्या खेड्यात जन्मलेल्या आणि आज सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीने एकाच आयुष्यात मातीची जमीन, सिमेंटचा कोबा आणि चकचकीत टाइल या तिन्हींवर स्वयंपाक केलेला असतो, आणि म्हणून या निवडीत दुकानातील नमुन्यांपेक्षा तिच्या अनुभवाला अधिक वजन असायला हवे.

ती ज्या जमिनीवर रांगली ती मुरूम आणि चिकणमाती अंथरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून घट्ट केलेली आणि वरून शेणाने सारवलेली असे. शेणातील न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना पडणाऱ्या भेगा कमी करतात. सारवणारी बाई आतल्या भिंतीकडून दाराकडे उकिडवी मागे सरकत येई, तळहात डावीकडून उजवीकडे कमानीसारखा फिरवी आणि आधीच्या कमानीच्या कडेवर पुढची कमान अशी चढवी की सांधा दिसू नये. चुलीपुढची जागा मात्र रोजच राखेने आणि चिखलाने मळत असल्यामुळे तिला रोजचे पोतेरे लागे. ही जमीन केवळ पाय ठेवण्याची नव्हती. भाजी चिरणे, वाटणे, पीठ मळणे आणि पंगत वाढणे सारे तिच्यावर बसूनच होई, उखळ तिच्यातच पुरलेले असे, आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यातील भरलेला गुंड हातून निसटला तरी माती तो आघात पोटात घेई. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा ती पायाला गार लागे.

तरीही त्या जमिनीविषयीच्या जिव्हाळ्यापोटी तिचे दोष झाकणे योग्य नाही. पावसाळ्यात खालची ओल वर चढे, उंदीर आणि घुशी ती पोखरत, आणि रांगत्या मुलाच्या हातातोंडाशी जंतांची अंडी सहज पोचत. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. तिच्या परिणामांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पूर्ण घराची जमीन सिमेंटची झाल्यावर लहान मुलांतील परजीवी जंतूंचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी आणि अतिसार ४९ टक्क्यांनी घटला. हे आकडे पाहता सारवण्यातील सौंदर्य मान्य करूनही मुलांच्या घरात मातीकडे परत जाण्याचा सल्ला देता येत नाही.

कोबा, म्हणजे खडी, वाळू आणि सिमेंटच्या थरावर शुद्ध सिमेंट घोटून केलेली सलग जमीन, या स्त्रीच्या संसारात मधल्या काळात आला. तो स्वस्त आहे, त्यात सांधे कमी असतात आणि गवंड्याने आठवडाभर नीट पाणी मारले तर तो दीर्घकाळ टिकतो. पाणी मारण्यात कुचराई झाली की मात्र त्याला भेगा पडतात आणि वरचा पापुद्रा पोपडे धरून सुटतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरलेले आहे, आणि इतक्या मर्यादित बांधकामात मन लावून केलेला कोबा हा कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

टाइल आली ती गॅस आणि ओट्याच्या बरोबरीने. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, बसण्याची जागा चालण्याची झाली, आणि जमिनीकडून असलेली अपेक्षा बदलली तरी निवड करताना तिचा विचार झाला नाही. गुजरातेतील मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे अतिउच्च तापमानाला भाजून जवळजवळ काचेसारखी घट्ट केलेली टाइल, आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, त्यामुळे हळद, तेल किंवा चिंच तिच्यात मुरत नाही, हा तिचा खरा गुण आहे. परंतु गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर पेज सांडली तर तांदळाच्या पिठूळ अंशाचा बुळबुळीत थर तयार होतो आणि साध्या पाण्यापेक्षा त्यावरून पाय अधिक सहज सुटतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याची किंमत टाइलच्या चकाकीपुढे फार मोठी आहे. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून टाइलची पकड मोजण्याची जर्मन पद्धत आहे, तिच्यात आर ९ पासून आर १३ पर्यंत श्रेणी असतात, आणि टाइलच घ्यायची असेल तर खरखरीत पृष्ठभागाची, किमान आर १० श्रेणीची मागावी.

या जिल्ह्यातील बहुतेक घरांसाठी मात्र अर्धवट पॉलिश केलेली कोटा फरशीच सर्वांत उचित ठरते. राजस्थानातील कोटा आणि झालावाड भागातला हा हिरवट-निळसर, बारीक कणांचा चुनखडक उन्हाळ्यात गार राहतो, ओल्या पायाला पकड देतो, जड भांडे पडले तर फार तर टवका उडतो, आणि वर्षांनंतर यंत्राने पुन्हा घासून नवा करता येतो, जे टाइलच्या पातळ झिलईबाबत शक्य नसते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरातील घरांत शिरला होता. अशा गाळाच्या पाण्यानंतर दगड धुऊन पुन्हा वापरता येतो, तर लाकडी भुशाच्या पाट्यांची लॅमिनेट जमीन फुगून निकामी होते. कोट्याचा दोष त्याच्या घडणीतच आहे: चुनखडक आम्लाने झिजतो, म्हणून लिंबू, चिंच किंवा ताक सांडले तर लगेच पुसावे लागते, नाहीतर फिकट डाग उरतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला हिवाळ्यात तो थंडही लागतो, आणि ओट्यापुढे जाड सतरंजी अंथरण्याचा उपाय त्यासाठी पुरेसा आहे, फक्त ती सरकणार नाही हे पाहावे.

फरशी कोणतीही निवडली तरी ती बसवताना मोरीकडे मीटरमागे सुमारे एक सेंटिमीटर उतार ठेवायला गवंड्यास आधीच सांगावे, आणि सिमेंट ओले असतानाच तांब्याभर पाणी ओट्याखालच्या कोपऱ्यात ओतून ते कुठे थांबते ते पाहावे, कारण त्यानंतर तो खळगा सुधारण्यासाठी फरशी उखडावी लागते.