जवारी आणि खडखड

मिरज, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी गिटार माळ्यावरून काढली, हे आधीच कबूल करते. शिक्षण आटोपून इथून पुण्याला जाताना ‘हात लावू नकोस’ म्हणाला होतास. त्याला सहा वर्षं झाली, म्हणजे मुदत संपली असं मी धरलं. आता दीड महिना झाला, देवापुढे दिवा लावून झाला की रोज अर्धा तास घेऊन बसते. शिकवायला वरच्या मजल्यावरचा डिप्लोमाचा पोरगा. फी म्हणून आठवड्याला डबाभर चकल्या.

मला वाटलं होतं, तंबोऱ्यावर तीस वर्षं गातेय, मला काय अवघड! पण नेमकं तेच नडलं. कान पेन्शनीत आणि बोटं बालवाडीत. आपण किती वाईट वाजवतोय हे दर छेडीला कळतं. तुम्हा पोरांना सुरुवातीला ते कळतच नाही, केवढं सुख!

पहिला आठवडा नुसती खडखड. मी खूश. म्हटलं, तंबोऱ्यासारखी जवारी निघतेय की! आपल्या सतारमेकर गल्लीत याच नादासाठी कारागीर घोडीचा माथा घासत बसतात, आणि आम्ही तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती खुलेपर्यंत थांबतो. पोरगा म्हणाला, “काकू, हे चुकलंय.” बोट दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही टेकवायचं नाही; पुढच्या पडद्याच्या अगदी मागे, खेटून ठेवायचं. तसं ठेवलं आणि निम्म्या जोरात तार स्वच्छ बोलली. तरी त्या स्वच्छ आवाजात मला अजून थोडं उघडं-उघडं वाटतं.

तारा जुळवणं मात्र लगेच जमलं. त्याने फोनवरचं यंत्र दाखवलं, ई-ए-डी-जी-बी-ई पाठ करायला सांगितलं. मी जाड तारेला सा धरला, तर पुढची तिचा मध्यम! तिला सा धरला, पुढची पुन्हा मध्यम. फक्त तिसरीवरून दुसरीवर येताना शुद्ध गंधार. एवढंच तर आहे. पोरगा दोन मिनिटं गप्प होता.

माझी खरी अडचण कॉर्डची आहे. सी म्हणजे सा-ग-प, हे समजलं. त्यातलं एकच बोट, अनामिका, पाचव्या तारेवरून उचलून तिसरीवर ठेवलं की ए मायनर. बाकीची दोन जागची हलत नाहीत. बोटांना सोपं, कानाला नाही. आपल्याकडे सा एकदा धरला की मैफल संपेपर्यंत तोच. इथे दर चार मात्रांनी पायाखालची सतरंजी ओढतात आणि वर गाणाऱ्याने तसंच गात राहायचं. मी परवा भूप म्हणून पाहिला, तर ए मायनरवर येताच तो भूप राहीना, कुणी परका येऊन बसल्यासारखा. वाईट नव्हता, पण परका.

एफ कॉर्ड तूर्त सोडून दिलाय. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या. तिथे तार फार ताठ असते. तीच आडवी तर्जनी पाचव्या पडद्यावर मात्र बरी बसते. तिथून रोज एकेक घर मागे सरकतेय. सध्या तिसऱ्यावर मुक्काम.

आता मुख्य काम. परवा दुसरी तार छेडत होते आणि पिळत होते पहिलीची खुंटी. सूर हलेना म्हणून आणखी पिळली. फट्‌कन तुटून गालाला चाटून गेली. तेव्हा येताना तारांचा एक सेट आण, पातळ, दहाच्या गेजचा.

तुझी,
मावशी

ता. क. – तुझ्या आईला एवढ्यात सांगू नकोस. कोल्हापूरला गेले होते तेव्हा तिने बोटांचे घट्टे पाहिले. भांडी घासून पडले म्हटलं. ते फक्त डाव्या हाताला कसे, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.