वारा फिरला नव्हता

पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयात, माझ्याकडे पायलट बलूनचं काम होतं. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा माग काढायचा आणि दर मिनिटाला दोन कोन वाचायचे. फुगा ठरावीक वेगानं चढतो असं धरलं, की त्या कोनांवरून प्रत्येक उंचीवरचा वारा काढता येतो. रात्री फुग्याखाली दिवा बांधत असू. तो ताऱ्यांत हरवू नये म्हणून डोळा हलवायची सोय नसे.

थंडीतल्या निरभ्र दिवसांत फुगा आधी पश्चिमेकडे सरके, मग रेंगाळे आणि आणखी वर गेला की उलट पूर्वेकडे धावू लागे. डोक्यावर एक वारा नसतो, थरावर थर असतात, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

त्यामुळे प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावरच्या ‘कॅसल ब्राव्हो’ या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीबद्दल वाचताना मी फार अस्वस्थ झालो. 1 मार्च 1954. सुमारे 6 मेगाटनांचा अंदाज होता, स्फोट झाला 15 मेगाटनांचा. प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी 30-40 किलोमीटर उंच गेली. तिथून खाली येणारा प्रत्येक कण वाटेतल्या सगळ्या थरांच्या वाऱ्यांत वाहत येतो. जड कण लवकर पडतो, बारीक कण कितीतरी दूर जातो. तो कुणाच्या अंगावर पडेल, हे सांगणारं गणित आम्ही रोज करायचो तेच.

पूर्वेला 150 किलोमीटरवरच्या रोंगेलाप बेटावर ती राख पडली आणि मुलं तिच्यात खेळली. जपानी मासेमारी बोटीवरचे 23 खलाशी भाजले. रोंगेलापच्याही पुढच्या रोंगेरिक बेटावर 28 अमेरिकी सैनिक हवामानाच्या नोंदी घेत होते. त्यांचं किरणमापक यंत्र शेवटच्या आकड्याला जाऊन टेकलं. ही माझ्याच कामातली माणसं, म्हणून त्यांच्यापाशी मी जास्त थांबतो.

वाऱ्यानं अंदाज चुकवला, असं नंतर अमेरिकी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांनी जगाला सांगितलं. पण 6 किलोमीटर उंचीवरचा वारा रोंगेलापकडे वाहतो आहे, हे स्फोटाआधीच्या मध्यरात्रीच्या बैठकीत मांडलं गेलं होतं, अशी सरकारी नोंद आहे. निरीक्षकांनी आपलं काम केलं होतं. दोष निर्णय घेणाऱ्यांचा होता. 1946 च्या चाचण्यांपूर्वी रोंगेलापच्या लोकांना दुसऱ्या बेटावर हलवलं होतं. 1954 साली, कितीतरी पट मोठ्या स्फोटाआधी, त्यांना हलवलं नाही.