घुमटातून किती गेलं?

वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड करून एक चौरस मीटरची पाटी धरली, तर तिच्यावर साधारण १३६१ वॅट पडतात. मग सगळ्या पृथ्वीवर किती? पहिल्या वर्षाचा विद्यार्थी उजेडातल्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ काढतो, त्याला १३६१ ने गुणतो आणि उत्तर बरोब्बर दुप्पट आणतो. उजेड अर्ध्या गोलावर पडतो खरा, पण सगळीकडे सारखा सरळ नाही. जिथे सूर्य नुकताच उगवतोय, तिथे किरण जमिनीला नुसते घासून जातात.

वक्र पृष्ठातून फ्लक्स काढायचा म्हणजे या तिरपेपणाचा हिशेब ठेवायचा. पृष्ठाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर लंब उभा करायचा, सदिश क्षेत्राचा त्या लंबाच्या दिशेचा घटक तेवढा धरायचा, तुकड्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं, आणि बेरीज. समांतर जाणारा भाग कितीही जोरकस असो, त्याची जमा शून्य. पृथ्वीसाठी ही बेरीज तिच्याच त्रिज्येच्या सपाट चकतीच्या हिशेबाइतकी भरते. ती चकती पूर्ण गोलाच्या पृष्ठाचा चौथा हिस्सा. म्हणूनच हवामानशास्त्राच्या ताळेबंदात सुरुवातीला दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅटचा आकडा दिसतो.

आता परीक्षेतला नमुना. जमिनीवर ३ मीटर त्रिज्येचा अर्धगोल घुमट आहे. हवा सरळ वर वाहतेय. जमिनीलगत वेग सेकंदाला १ मीटर, आणि दर मीटर उंचीमागे तो आणखी १ ने वाढतो. (खरी हवा असं वागत नाही, प्रश्नपत्रिकेतली वागते.) घुमटातून किती हवा बाहेर पडेल?

गोलावरचे कोन घेऊन संकलन करता येतं, पण गाऊसचा अपसरण सिद्धांत इथे कामाला येतो. क्षेत्राचं अपसरण सगळीकडे १, घुमटाचं घनफळ १८π. तेव्हा बंद पृष्ठातून एकूण १८π बाहेर. इथेच निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. पण बंद पृष्ठ म्हणजे घुमट अधिक तळ! तळाचा बाहेरचा लंब जमिनीत जातो, हवा मात्र तिथून वर येते, त्यामुळे तळाचा वाटा उणे ९π. म्हणजे घुमटाचा फ्लक्स २७π, सुमारे ८५ घनमीटर दर सेकंदाला. माझ्या मते या विषयात वक्रतेपेक्षा हा तळ आणि लंबाची दिशा यांनीच जास्त गुण खाल्लेत.

गाऊसने या सिद्धांताची काही खास रूपं १८१३ मध्ये मांडली; सर्वसाधारण सिद्धता ऑस्ट्रोग्रॅडस्कीने १८२६ मध्ये दिली. रशियन पाठ्यपुस्तकांत अजूनही दोघांची नावं जोडीने येतात, आणि ते न्याय्यच आहे.

चुंबकीय क्षेत्राचं अपसरण मात्र सगळीकडे शून्य. त्यामुळे कोणत्याही बंद पृष्ठातून, मग ते अख्ख्या पृथ्वीचं का असेना, एकूण चुंबकीय फ्लक्स शून्यच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. तिथे मोकळ्या चुंबकसूचीचं उत्तर टोक खाली झुकतं, म्हणजे बलरेषा जमिनीत शिरतात. जेवढ्या अशा शिरतात तेवढ्याच इतरत्र, मुख्यतः दक्षिण गोलार्धात, जमिनीतून बाहेर पडतात.